चीनमध्ये राहिलेल्या ब्रिटिश पूर्वजांचा माग: आधी पगार कोण देत होतं ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या मिस्टरांचे पणजोबा इंग्रज. ते चीनमध्ये 'कस्टम्समध्ये' होते आणि मिस्टरांच्या आजीचा जन्म १९१४ च्या आसपास शांघायला झाला, एवढंच सासूबाईंना ठाऊक आहे. पणजीबद्दल घरात कुणी बोलत नाही. आम्ही मँचेस्टरला राहतो. इंग्लंडच्या जन्मनोंदींत आजी सापडत नाही, ब्रिटिश सरकारी नोकरांच्या कागदांत पणजोबा सापडत नाहीत. घरात एक चांदीचा कप आणि थोडे जुने फोटो आहेत. सुरुवात कुठून करू?"

ताई, तुम्ही जिथे शोधलंत तिथे ही दोन्ही नावं असण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे अजून काहीच हातचं गेलेलं नाही.

भारतातल्या इंग्रजांचा शोध घेणाऱ्यांना एक सवय लागलेली असते. इथे त्यांचं राज्य होतं, त्यामुळे मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत एकत्र मिळतात. चीनमध्ये तसं काही नव्हतं. १८४२ च्या नानजिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांना मिळालं आणि कँटन, अमॉय, फूचाऊ, निंगपो, शांघाय ही पाच बंदरं त्यांच्या व्यापाराला खुली झाली. पुढच्या तहांनी अशा बंदरांची संख्या वाढत गेली. पण हाँगकाँग आणि १८९८ ते १९३० या काळात भाडेपट्ट्याने घेतलेलं वेइहायवेइ सोडलं, तर ती जमीन चीनचीच राहिली. तिथे राहणाऱ्या ब्रिटिश माणसाला चिनी कायदा लागू नव्हता, त्याचा न्याय त्याचा कॉन्सल, म्हणजे त्या बंदरातला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी, करी. मात्र त्याला नोकरीवर ठेवणारा कुणीही असू शकत होता: चिनी सरकार, शांघायची म्युनिसिपल कौन्सिल, एखादी पेढी, बँक, मिशन, रेल्वे. ज्याने पगार दिला त्याने माणसाची नोंद ठेवली, आणि ती नोंद त्याच्याच दफ्तरात राहिली. म्हणून या कामात मी नावाआधी नोकरी विचारतो. पगार कोण देत होतं हे कळलं की कोणतं दफ्तर उघडायचं ते कळतं.

तुमच्याकडे हा धागा आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. चीनमधलं 'कस्टम्स' म्हणजे बहुतेक वेळा चायनीज मॅरिटाइम कस्टम्स सर्व्हिस. ही ब्रिटिश संस्था नव्हती. १८५४ मध्ये शांघायला तिची सुरुवात झाली, ती छिंग राजवटीची आणि पुढे चिनी प्रजासत्ताकाची जकात गोळा करी, आणि तिचे वरचे अधिकारी परदेशी असत. त्यांत ब्रिटिश सर्वांत जास्त, पण अमेरिकन, जर्मन, फ्रेंच, डॅनिश, जपानीही होते. आयर्लंडचे रॉबर्ट हार्ट १८६३ पासून १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे इन्स्पेक्टर जनरल होते. पणजोबा चीन सरकारचे नोकर होते, म्हणून ब्रिटिश सरकारी नोकरांत ते दिसले नाहीत.

या खात्याने १८७५ पासून दरवर्षी आपल्या नोकरांची छापील यादी काढली. तिला 'सर्व्हिस लिस्ट' म्हणतात. नाव, राष्ट्रीयत्व, हुद्दा, पहिली नेमणूक कधीची, सध्या कोणत्या बंदरावर, हे सगळं तीत असतं. एका वर्षाच्या यादीत नाव सापडलं की मागची आणि पुढची वर्षं चाळत जायचं. माणूस कुठून कुठे बदलून गेला, बढती कधी मिळाली, नाव कोणत्या वर्षी गळलं, हे दिसू लागतं. बदल्या वरचेवर होत, आणि नुसत्या मोठ्या शहरांतच नव्हे. दक्षिण किनाऱ्यावरचं पाखोई असो की ब्रह्मदेशाच्या सीमेजवळचं तेंगयुए, कुठेही जावं लागे. आजी शांघायला जन्मली म्हणून घर शांघायलाच होतं असं धरू नका. लहान ठाण्यांवरच्या बायका बाळंतपणासाठी मोठ्या बंदरात येत.

हुद्द्याकडे बारकाईने बघा, कारण त्यावरून माणूस कोणत्या थरातला होता ते कळतं. 'इनडोअर' शाखेतले लोक कचेरीतले. त्यांची भरती बरीचशी लंडन कचेरीतून होई, त्यांना चिनी भाषा शिकावी लागे, आणि त्यांतलेच पुढे कमिशनर होत. 'आउटडोअर' शाखेतले टाइडवेटर आणि एक्झॅमिनर जहाजांवर चढून माल तपासत. त्यांत पूर्वीचे खलाशी आणि सैनिक पुष्कळ, आणि ते बहुधा चीनच्या किनाऱ्यावरच भरती झालेले. तिसरी 'मरिन' शाखा दीपगृहं, बोया आणि गस्तीच्या बोटी सांभाळी. इनडोअर आणि आउटडोअर या दोन थरांचे क्लब वेगळे, घरं वेगळी, लग्नंही वेगळ्या वर्तुळांत. पणजोबा टाइडवेटर निघाले तर त्यांच्या आधीच्या आयुष्यासाठी व्यापारी जहाजांचे किंवा फौजेचे कागद बघावे लागतील. इनडोअरचे निघाले तर शाळा-कॉलेजच्या नोंदवह्या कामी येतील.

खात्याचं मूळ दफ्तर नानजिंगच्या सेकंड हिस्टॉरिकल आर्काइव्ह्जमध्ये आहे, पन्नास हजारांहून अधिक फायलींचं. घरगुती शोधासाठी तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. ब्रिस्टल विद्यापीठाने या खात्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि त्याच लोकांचं 'चायना फॅमिलीज' नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. कस्टम्समधले, शांघाय म्युनिसिपल पोलिसांतले, कबरस्तानांतले, युद्धकाळच्या छावण्यांतले, अशा पुष्कळ लोकांची नावं त्यात एकत्र शोधता येतात. आज रात्री पाच मिनिटं काढून तिथे आडनाव टाकून बघा.

आता आजीचा जन्म. १८४९ पासून परदेशातले कॉन्सल ब्रिटिश प्रजाजनांचे जन्म, लग्नं, मृत्यू नोंदवून त्याच्या प्रती लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसला पाठवत. ही सूची इंग्लंड-वेल्सच्या नेहमीच्या सूचीपेक्षा वेगळी आहे. तुम्ही पाहिली ती बहुधा नेहमीची. 'कॉन्सुलर बर्थ्स' अशी वेगळी सूची फाइंडमायपास्टसारख्या संकेतस्थळांवर मिळते. तिथे आडनाव, वर्ष आणि कॉन्सुलेटचं गाव असतं, आणि त्या संदर्भावरून दाखला मागवता येतो. दाखल्यावर आईचं नाव असतं, आणि तुमच्या घरात तेच तर कुणाला सांगायचं नाहीये.

पण कॉन्सलकडे जन्म नोंदवणं सक्तीचं नव्हतं. नोंद नाही, याचा अर्थ जन्म तिथला नाही असा होत नाही. म्हणून दुसरी वाट धरा, चर्चची. शांघायच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलसह तिथल्या अँग्लिकन चर्चच्या नोंदवह्यांच्या प्रती लंडनच्या लँबेथ पॅलेस लायब्ररीत आहेत, १८४९ ते १९५१ पर्यंतच्या. कुटुंब कॅथलिक किंवा प्रेस्बिटेरियन असेल तर वाट बदलेल. एखादं मूल हाँगकाँगमध्ये जन्मलं असेल तर कॉन्सलची नोंद शोधू नका. ती ब्रिटिश वसाहत होती, तिचं स्वतःचं जन्मनोंदणी खातं होतं.

कॉन्सुलेटची मूळ दफ्तरं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. सगळ्यात उपयोगी मला वाटते ती 'एफओ ९१७' ही मालिका: शांघायच्या ब्रिटिश सुप्रीम कोर्टातली मृत्युपत्रं आणि वारसाची प्रकरणं. हे कोर्ट १८६५ मध्ये स्थापन झालं आणि १९४३ मध्ये ब्रिटनने चीनमधले आपले खास हक्क सोडले तेव्हा संपलं. माणूस चीनमध्ये मेला आणि मागे थोडंफार ठेवून गेला, तर त्याची फाइल इथे असण्याची चांगली शक्यता आहे. घरातल्या सामानाची यादी, कुणाकडे किती पैसे येणं, आणि कधीकधी जिचं नाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही अशा एखाद्या बाईला ठेवलेली रक्कम. इंग्लंडमध्येही त्याची मालमत्ता असेल तर १८५८ पासूनच्या इंग्लंडच्या प्रोबेट कॅलेंडरमध्ये, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाच्या प्रकरणांच्या सूचीत, नाव मिळेल. ते ऑनलाइन शोधता येतं.

सासूबाईंच्या आईचा माग मात्र चीनपेक्षा इंग्लंडमध्येच लवकर लागेल, असा माझा अंदाज आहे. तिथल्या ब्रिटिश कुटुंबांत मूल सात-आठ वर्षांचं झालं की शिक्षणासाठी 'होम'ला पाठवायची रीत होती. १९१४ ची मुलगी १९ जून १९२१ च्या जनगणनेच्या वेळी सात वर्षांची. एखाद्या मावशीकडे किंवा बोर्डिंगच्या शाळेत ती असू शकते, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात 'शांघाय, चीन' असेल. त्या रकान्यावरून शोध घेता येतो. ती ज्या घरात राहत होती त्या घराचं आडनाव लिहून घ्या, ते बहुधा पणजोबांच्या बहिणीचं किंवा आईच्या माहेरचं निघतं. त्यानंतर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच इंग्लंड-वेल्समध्ये केलेली लोकांची नोंद, बघा. त्यात जन्मतारीख पूर्ण असते.

प्रवासाच्या याद्याही बघा. ब्रिटनमध्ये येणाऱ्या जहाजांवरच्या प्रवाशांच्या याद्या १८७८ पासून आणि जाणाऱ्यांच्या १८९० पासून, १९६० पर्यंत आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवा: विसाव्या शतकात पुष्कळ लोक सायबेरियाच्या रेल्वेने युरोपात येत. असे लोक फार तर इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बोटीत बसत, आणि ती बोट या याद्यांत नसते. काही जण पॅसिफिक ओलांडून व्हँकूव्हरमार्गे येत, त्यांची नावं कॅनडाच्या नोंदींत आणि अटलांटिकच्या जहाजांत सापडतात. सुएझच्या वाटेवर नाव नाही म्हणून थांबू नका.

लग्नाबद्दल: बँका, मोठ्या पेढ्या, पोलीस यांच्या तरुण नोकरांना सुरुवातीची काही वर्षं लग्न करायची मुभा नसे. म्हणून लग्न बहुधा पहिल्या लांब रजेत इंग्लंडला होई, किंवा नवरी जहाजाने येई आणि उतरल्यावर दोन-चार दिवसांत हाँगकाँग किंवा शांघायच्या चर्चमध्ये लग्न लागे. रजेचं वर्ष यादीतून कळलं की लग्नाचा शोध त्या वर्षाभोवती ठेवता येतो. रशियन क्रांतीनंतर शांघाय आणि हार्बिनमध्ये रशियन निर्वासित मोठ्या संख्येने आले. १९२० नंतरच्या लग्नांत रशियन आडनाव दिसलं तर ते नोंदीतल्या चुकीवर ढकलू नका.

वर्तमानपत्रांनी मला दफ्तरांइतकंच दिलं आहे. शांघायचं 'नॉर्थ चायना हेरल्ड' हे साप्ताहिक १८५० पासून निघत होतं. जन्म, लग्न, मृत्यू, जहाजाने आलेले-गेलेले, कोर्टातले खटले, क्लबच्या शर्यती, सगळं त्यात येई. ते संगणकावर आणलेलं आहे, पण वर्गणी लागते. मँचेस्टरच्या एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. हाँगकाँगच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी इंग्रजी पत्रं मोफत आहेत. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांचे वृत्तपत्रसंग्रहही मोफत, आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या बातम्या त्यांत भरपूर. हाँगकाँगच्या सरकारी गॅझेटमध्ये ज्युरीत बसू शकणाऱ्या पुरुषांची यादी येई, व्यवसाय आणि पत्त्यासह. तिकडे नोकरी केलेल्यांसाठी ती फार मोलाची आहे. हाँगकाँगसाठीच कार्ल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यभर हाताने लिहिलेली लाखाहून जास्त कार्डं तिथल्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. चिनी आणि मिश्र वंशाच्या कुटुंबांबद्दल इतकं काम दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही.

शोधताना गावांची जुनी नावं वापरा. कागदांत चेफू असेल, आजच्या नकाशावर ते यानताई. अमॉय म्हणजे श्यामेन, स्वाताऊ म्हणजे शानतौ, न्यूच्वांग म्हणजे यिंगकौ, आणि हँकाऊ आता वूहानचा भाग आहे. या नावांचा एक तक्ता करून जवळ ठेवला की पुष्कळ वेळ वाचतो.

कपाचा तळ भिंगातून बघा. कारागिराचा शिक्का असेल, उदाहरणार्थ वांग हिंग या दुकानाची 'डब्ल्यूएच' ही अक्षरं, आणि शेजारी चिनी अक्षरं. अंगावर शर्यतीचं किंवा नेमबाजीचं साल, क्लबचं नाव असेल तर ते वर्तमानपत्रात ताडून बघता येतं. फोटो अल्बममधून अलगद काढून मागची बाजू बघा. स्टुडिओचं नाव छापलेलं असतं, हाँगकाँगचा अफाँग, शांघायचा स्झे युएन मिंग असे. त्यावरून निदान शहर ठरतं. पदक असेल तर शांघाय व्हॉलंटिअर कोअरचं आहे का ते बघा. ही १८५३ पासूनची नागरिकांची पलटण, आणि तिच्या दीर्घ सेवेच्या पदकावर नाव कोरलेलं असू शकतं. फोटोवर किंवा भेटकार्डावर चिनी अक्षरांत नाव असेल तर वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. कस्टम्समधल्या आणि मिशनमधल्या लोकांना चिनी कागदांसाठी वेगळं चिनी नाव असे. ते हाती लागलं की चिनी बाजूचे कागदही शोधता येतात.

आता पणजी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती चिनी किंवा अर्धी चिनी असू शकते, हे तुम्ही मनात धरूनच पुढे जा. चीनच्या किनाऱ्यावर असे संबंध सगळ्या थरांत होते. खुद्द रॉबर्ट हार्ट यांना आयाऊ या चिनी स्त्रीपासून तीन मुलं होती. लग्न आयरिश मुलीशी करायचं ठरलं तेव्हा मुलांना इंग्लंडला पाठवलं गेलं, ती दुसऱ्या कुटुंबात वाढली. आयाऊचं नाव आपल्यापर्यंत आलं ते हार्ट मोठे होते आणि त्यांचे कागद जपले गेले म्हणून. टाइडवेटरच्या बायकोचे कागद कुणी जपले? तिथल्या ब्रिटिश समाजाने या बायकांना नावाने नोंदवायचं टाळलं, आणि पुढच्या पिढ्यांनी घरातही तेच केलं. मला हा अन्याय वाटतो. आज तो थोडा तरी भरून काढता येतो, म्हणून मी हे काम करतो.

कागदांत याचा परिणाम असा दिसतो. कायदेशीर लग्न नसेल तर मुलांना बापाचं ब्रिटिश नागरिकत्व मिळत नसे, त्यामुळे कॉन्सलच्या वहीत ती बहुधा नसतात. चर्चच्या वहीत मात्र बाप्तिस्मा असू शकतो, आईच्या नावाची जागा कोरी किंवा नुसतं पहिलं नाव. शाळांची नावं बघा: शांघायमधली हॅनबरी स्कूल युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या, मुलांसाठी निघाली होती, हाँगकाँगच्या डायोसेसन शाळांत अशी मुलं पुष्कळ होती. डीएनए चाचणी करायची असेल तर मिस्टरांच्या आधी सासूबाईंची करा, अर्थात त्यांची मनापासून तयारी असेल तरच. पणजी पूर्ण चिनी असेल तर सासूबाईंमध्ये तो वाटा सरासरी पंचवीस टक्के निघेल, मिस्टरांमध्ये साडेबारा. शिवाय जुन्या पिढीचे जुळणारे नातेवाईक जास्त जवळचे सापडतात. चाचणीआधी त्यांच्याशी शांतपणे बोला. काय निघू शकतं हे त्यांना आधी माहीत असायला हवं, निकाल हातात आल्यावर नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं थोडक्यात. १९४० च्या जुलैत हाँगकाँगमधल्या ब्रिटिश बायका-मुलांना मनिलामार्गे ऑस्ट्रेलियाला नेलं. १९४२ मध्ये काही जण जपानशी नागरिकांची अदलाबदल करणाऱ्या जहाजांनी लॉरेन्सू मार्कीस, म्हणजे आजचं मापुतो, इथून सुटले. उरलेले हाँगकाँगला स्टॅनली, शांघायला लुंगव्हा आणि इतर छावण्यांत, शानतुंगला वेइशिएन इथे जपान्यांच्या कैदेत १९४५ पर्यंत होते. या छावण्यांच्या याद्यांत वय आणि व्यवसाय मिळतो. पणजोबा तोवर तिथे असतील तर तीही वाट आहे. कबर मात्र शोधायला निघू नका. शांघायची परदेशी कबरस्तानं १९५० च्या दशकापासून हटवली गेली, बबलिंग वेलच्या जागी आज जिंगआन पार्क आहे. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीतलं आणि मकावचं जुनं प्रोटेस्टंट कबरस्तान टिकून आहे.

शेवटी मुंबईचं सांगतो, कारण मराठी वाचक हमखास विचारतात. चीनच्या ब्रिटिश व्यापाराचं एक टोक मुंबईतच होतं. माळव्याची अफू इथून जाई. जमशेटजी जीजीभॉय आणि जहाजावरचा डॉक्टर विल्यम जार्डिन यांची ओळख १८०५ मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या 'ब्रन्सविक' जहाजावर झाली, आणि पुढे त्यातून मोठा व्यापार उभा राहिला. डेव्हिड ससून यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये मुंबईहून चीनला गेला. कॉन्सलच्या वह्यांत पारशी आणि बगदादी ज्यू हेही ब्रिटिश प्रजाजन म्हणून येतात. तुमच्या पणजोबांच्या वडिलांची किंवा आजोबांची नोकरी मुंबईत निघाली, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी, म्हणजे 'एन ३' मालिका, बघायला विसरू नका.

तुम्ही आता हे करा: 'चायना फॅमिलीज'मध्ये आडनाव, मग कॉन्सुलर बर्थ्सच्या सूचीत १९१२ ते १९१६, मग १९२१ च्या जनगणनेत शांघायला जन्मलेल्या मुली. सर्व्हिस लिस्टमध्ये पणजोबांची पहिली नेमणूक कोणत्या वर्षी आणि कोणत्या शाखेत हे कळलं की मला लिहा. चीनमध्ये पोचण्याआधी ते कुठे होते, याचा शोध त्यावरून पुढे नेता येईल.